एकदा बघ, मग नीघ

खट्!

दुपारी चारच्या शांततेत आमच्या दाराचा अडसर मागे सरकला, आणि मी पॅसेजमध्ये उभी राहून स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. म्हणजे मारायला गेले. हात पोचला नाही.

"बघितलंत आई?" मी सासूबाईंना म्हटलं. "माझ्या कोडने उघडलेलं पहिलं दार!"

"आपलंच ना गं ते?" सासूबाई म्हणाल्या. "रोजच उघडतं."

कौतुकाच्या बाबतीत आमच्या सासूबाई फार काटकसरी. पण त्या दिवशी मला कशाचंच काही वाटणार नव्हतं. बरोब्बर चोवीस तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, मी पुन्हा कर्नेलच्या टीममध्ये सन्मानाने बसणार होते. अडीच वर्षांची रजा, तीन महिन्यांची तयारी, आणि आता उरला एक दिवस. त्यात काय होणार होतं? दार उघडणार, दार लागणार. दाराला आणखी येतं काय!

आधी माझं काम समजावून सांगते. नवऱ्याला सात वर्षं सांगते आहे, तो दातांचा डॉक्टर, सगळं ऐकून घेतो आणि शेवटी "दुखतंय का?" असं विचारल्यासारखा चेहरा करतो. तुम्हांला एकदाच सांगते.

आमची कंपनी दारांची कुलपं बनवते. आकडे दाबून उघडणारी, बेल वाजवणारी, कोणी आलं की घरातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडणारी. या कुलपाच्या पोटात एक बारका कॉम्प्युटर, त्याच्या पोटात ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्याही पोटात, अगदी बेंबीच्या देठापाशी, कर्नेल. कर्नेल म्हणजे कचेरीतली आतली खोली समजा. साधे प्रोग्रॅम बाहेर बाकावर बसतात. खरं काही करायचं असेल तर अर्ज घेऊन आत जातात. आतलं काम झालं की त्यांना पुन्हा बाहेर आणून बसवायचं. चष्मा, पिशवी, छत्री, जे जिथे ठेवून आत गेले होते ते तिथल्या तिथे. या बाहेर आणून बसवण्याला 'युजर मोडला परतणं' म्हणतात. ऐकायला किती सोपं! पण पाहुणा "बराय, निघतो" म्हणाल्यापासून खरोखर जिना उतरेपर्यंत किती वेळ जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. जाणं सोपं असतं, निघणं अवघड.

तर हे निघणं कसं व्हावं, याच्या शे-सव्वाशे ओळी आमच्याकडे एकोणीस वर्षं जशाच्या तशा होत्या. लिहिणारे गृहस्थ अजून कंपनीत आहेत. त्यांना सगळे 'मूळपुरुष' म्हणतात, त्यांच्यासमोर नाही. त्यांच्या कोडमध्ये परत निघण्याआधी एकदाच तपासलं जातं, की मधल्या वेळात दुसरं काही काम तर नाही ना आलं? असेल तर ते करायचं आणि चालू पडायचं. तेवढ्या निमिषात आणखी एक बेल वाजली, तर ती वाट बघत बसेल. त्या ओळीच्या डोक्यावर मूळपुरुषांनी लिहून ठेवलं होतं:

'एकदा बघ, मग नीघ. येथे शहाणपणा करू नये.'

मी शहाणपणा केला. मला ती ओळ निव्वळ आळशी वाटली. मी एका लेकराची आई आहे. पिशवीत ओले रुमाल आहेत का, हे चारदा बघितल्याशिवाय मी कोपऱ्यावरसुद्धा जात नाही. मी लिहिलं: बघ. काम असेल तर कर. मग पुन्हा बघ. पुन्हा असेल तर पुन्हा कर. अगदी काही म्हणजे काही उरलं नाही की मगच नीघ. आणि वरची ती ओळ खोडून टाकली.

हा सगळा कोड मी भिंगरीच्या अकरा झोपांत लिहिला. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, वय साडेतीन. ती दुपारी तास-दीड तास झोपते. झोपमोड झाली की येते, माझ्या खोलीचं दार ठोठावते, आणि मी आतून म्हणते, "एकच मिनिट हं बाळा, आलेच!" लोक दिवस मोजतात, मी झोपा मोजते.

आता कंपनीतली रीत. आमच्याकडे एक नियम आहे: ज्याचा कोड, त्याचं दार. कर्नेलला हात लावणाऱ्याने नवा कोड आधी स्वतःच्या घराच्या कुलपात घालायचा आणि चोवीस तास त्या दारातून संसार करायचा. मधे कुलूप बंद करून चालू करायचं नाही. दाराला आतून हाताने फिरवायची मूठ असते, तिच्यावर सहीची कागदी पट्टी चिकटवतात. पट्टी फाटली की नापास! वेळ संपली की मूळपुरुष जातीने येऊन पट्टी बघतात. मूळपुरुषांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "चोवीस तास चाललं तर कर्नेलमध्ये राहा. नाहीतर माहितीपुस्तिका विभागात जागा आहे."

माहितीपुस्तिका विभाग! तिथे माणसं दिवसभर 'कृपया बॅटरी उलटी घालू नये' असली वाक्यं लिहितात. चांगलं वाक्य आहे. पण त्यासाठी मी अकरा झोपा घालवल्या नव्हत्या.

रात्र बिनघोर गेली. सकाळ गेली. दूधवाला, नवरा, कचरा, भिंगरीची बालवाडी, सगळं त्या दारातून आलं आणि गेलं. खट्, खट्, खट्! साडेतीनला मी पॅसेजमध्ये भिंगरीचं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन बसले, मांडीवर लॅपटॉप, समोर ती पट्टी. अर्धाच तास! मी तर मनातल्या मनात मूळपुरुषांना चहा किती साखरेचा, इथवर पोचले होते.

तीन सत्तेचाळीसला बेल वाजली. टिंग-टाँग.

सासूबाई भिंगरीला बालवाडीतून घेऊन आल्या होत्या. एरवी त्या आकडे दाबून आत येतात, बेल कोणी वाजवत नाही. आज वाजली, कारण नव्या कुलपाची आकड्यांची नि बेलची पाटी दाराबाहेर काल मी स्वतः बसवली होती, आणि बसवताना स्टुलावर बसून भोकं पाडली होती. त्यामुळे ती आली कमरेच्या उंचीवर. माझ्या लक्षातच आलं नाही की तीच भिंगरीच्या नाकाची उंची. जन्मात पहिल्यांदा तिला बेल पोचत होती!

टिंग-टाँग. टिंग-टाँग. टिंग-टाँग.

"आजी, मी वाजवली! मीच वाजवली! बघ, परत!"

"पुरे गं, कान किटले! सरक, मला आकडे दाबू दे."

सासूबाईंनी आकडे दाबले. दार उघडलं नाही.

मी लॅपटॉपवरच्या नोंदी बघितल्या. एका बेलमागे कर्नेलला तीन कामं: घंटी वाजव, सगळ्यांच्या फोनवर निरोप धाड, नोंद कर. निरोप पोचल्याची पावती येईपर्यंत थांबायचं, म्हणजे एका बेलला अकरा सेकंद धरून चालू. भिंगरीने एका दमात एकेचाळीसदा दाबली होती. आणि दार उघडणारा प्रोग्रॅम बिचारा सासूबाईंचे आकडे घेऊन आत गेला होता, त्याचं कामही झालं होतं; पण निघताना माझा कोड त्याला म्हणत होता, थांब, एक काम आलंय. ते झालं? थांब, आणखी एक. तो बाहेर आल्याशिवाय अडसर हलणार नव्हता. आणि शेवटचं काम संपेपर्यंत मी त्याला बाहेर सोडणार नव्हते. मीच लिहिलं होतं तसं! ओळीगणिक, शुद्धलेखनासकट!

एकेचाळीस गुणिले अकरा. साडेसात मिनिटं. ठीक आहे, मी मनाशी म्हटलं, आपण गणितात बऱ्या होतो. साडेसात मिनिटं कोणी बेलला हात लावला नाही, तर दार आपोआप उघडेल. पट्टी शाबूत, मी पास.

"आई," मी दाराला तोंड लावून ओरडले, "साडेसात मिनिटं बेल दाबू नका!"

मग सासूबाई म्हणाल्या, "का बरं?"

"काम चालू आहे!"

"अगं, तू आत उभी आहेस ना? हाताने उघड की!"

"ते मला करता येत नाही."

"करता येत नाही की करायचं नाही?"

आता या प्रश्नाचं खरं उत्तर 'करायचं नाही' हेच होतं, आणि मला खोटं बोलायला सुचत नाही. मी गप्प बसले. गप्प बसण्याचा अर्थ सासवा काय काढतात, हे मी सांगायला नको.

"भिंगरे," सासूबाईंचा आवाज आला, "तुझ्या आईला आपण नको झालोय."

भिंगरीने खात्री करून घेण्यासाठी बेल दाबली. नऊदा.

"बाळा, दाबू नकोस!" मी ओरडले. साडेतीन वर्षांच्या माणसाला 'दाबू नकोस' म्हणजे आमंत्रणपत्रिका. आणखी सहा.

इतक्यात वरच्या मजल्यावरून निवृत्त मास्तरीणबाई उतरल्या. बेचे पाढे म्हणवून घ्यावेत तशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय गोंधळ आहे?"

"सून दार उघडत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"बेल दाबून बघितली का?"

"पन्नासदा दाबली!"

"नीट दाबली का?" म्हणाल्या मास्तरीणबाई आणि स्वतः दाबली. नीट. पाचदा.

वाचकहो, त्या दहा-बारा मिनिटांत मला माणूस नावाच्या प्राण्याबद्दल एक गोष्ट समजली. बंद दारासमोर आलेला एकही माणूस आधीच्या माणसाने दाबलेली बेल धरत नाही! दहा जणांनी दाबली असली तरी अकरावा म्हणतो, "थांबा, मी बघतो." प्रत्येकाला वाटतं, या बेलला आजवर खरं बोट भेटलंच नव्हतं.

आणि आतली घंटी दर अकरा सेकंदांनी वाजतच होती, बाहेर कोणी हात लावो न लावो. ती बाहेरही ऐकू जात होती. "बेल तर चांगली वाजतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ऐकू येऊन उघडत नाही. मुद्दामच दिसतंय."

तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

"अगं, घरी काय जेवणावळ आहे का? मला 'दारावर कोणीतरी आले आहे' असे एकोणतीस निरोप आलेत! कोण आहे?"

"आई आणि भिंगरी."

"एकोणतीसदा?"

"अजून बत्तीस यायचेत. तू फक्त काही करू नकोस!"

"घाबरू नकोस," तो म्हणाला. मी घाबरले. "माझ्या खुर्चीत आत्ता एक किल्लीवाला आहे. दाढेत औषध भरलंय, अर्धा तास तसंही थांबायचंय. पाठवतो त्याला!"

नवऱ्याचा दवाखाना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. तीन मिनिटांत किल्लीवाला हजर, हातात ड्रिल, आणि अर्धा जबडा बधिर.

"फाजूला व्हा," तो म्हणाला. "आधी फेल दाफून फघतो."

"नको!" मी आतून किंचाळले.

टिंग-टाँग.

"फाजतेय की," तो म्हणाला आणि ड्रिलची वायर लावायला जिन्यात प्लग शोधू लागला.

तीन पंचावन्न. माझ्या हिशोबाने सतरा कामं उरली होती. तीन मिनिटं! एवढीच तीन मिनिटं सगळ्यांनी हात खिशात घालून उभं राहावं! मी दाराला कान लावला आणि ऐकलं ते जिन्यावरचं सावकाश पाऊल. प्रत्येक पायरीवर जरा थांबणारं. मूळपुरुष!

"नमस्कार," त्यांचा आवाज आला. "इथे कसली गर्दी?"

तिघांनी एकदम सांगायला सुरुवात केली. सून उघडत नाही, बेल वाजतेय, फायर कुठे लावू. मूळपुरुषांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग, एकोणीस वर्षं कर्नेलमध्ये घालवलेल्या त्या माणसाने, बेल दाबली.

एकदाच. पण दाबली!

"ऐकू येतंय का तुम्हांला?" ते दारातून म्हणाले. "पट्टी?"

"शाबूत आहे सर!"

"पाच मिनिटं आहेत. घाई करू नका."

मी घाई करत नव्हते. मी पट्टीकडे बघत उभी होते. तिच्यावर त्यांची सही, खाली माझी. सोळा. पंधरा. चौदा. आता कोणी हात लावत नव्हतं. मूळपुरुषांच्या समोर सगळे आपोआप शहाण्यासारखे उभे होते. किल्लीवाल्याला तर प्लगच मिळाला नव्हता. नऊ. आठ. मी जिंकत होते!

आणि दाराच्या खालच्या फटीतून, अगदी जमिनीलगत तोंड नेऊन, एक बारीक आवाज आला.

"आई."

"काय गं राजा?"

"मला शू आलीय."

मास्तरीणबाई लगेच म्हणाल्या, "चल, आमच्याकडे चल वरती."

"नको. माझं बदक आत आहे." खेळण्यातल्या त्या बदकाला सोबत घेतल्याशिवाय ती बाथरूमला जात नाही.

"दोन मिनिटं थांबशील?" मी फटीला तोंड लावून विचारलं. आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना जमिनीवर आडव्या झालो होतो. फटीतून तिचं एक बोट आत आलं होतं, खडूने पांढरं झालेलं.

"थांबते," भिंगरी म्हणाली. मग थोड्या वेळाने, मोठ्या प्रामाणिकपणे, "थांबत नाहीये."

मी उठले, मूठ धरली आणि फिरवली. पट्टी फाटल्याचा आवाज झाला. एवढ्याशा कागदाचा आवाज, पण मला तो माहितीपुस्तिका विभागापर्यंत ऐकू आला. दार उघडलं, भिंगरी माझ्या पायांमधून सुसाट बाथरूमकडे गेली, आणि मी सासूबाई, मास्तरीणबाई, किल्लीवाला आणि मूळपुरुष यांच्यासमोर हातात मूठ धरून उभी राहिले.

घड्याळात तीन अठ्ठावन्न. आतली घंटी आणखी काही वेळा वाजली. आम्ही सगळे उघड्या दारात उभे राहून ती ऐकत होतो, गाणं संपायची वाट बघावी तसे. मग ती थांबली. आणि कुलूप स्वतःहून, अगदी शिस्तीत, म्हणालं:

खट्!

"उघडलं!" सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात माझ्या कोडबद्दल कौतुक होतं.

किल्लीवाला म्हणाला, "मग मी दाताकडे फरत जातो."

मूळपुरुष आत आले, भिंगरीच्या स्टुलावर बसले, आणि माझ्या लॅपटॉपवरचा कोड वाचू लागले. बराच वेळ वाचला. शेवटी बोट ठेवलं ते बरोबर त्या जागी, जिथली ओळ मी खोडली होती.

"बघ, कर, पुन्हा बघ," ते म्हणाले. "मीही आधी हेच लिहिलं होतं."

"तुम्ही?"

"एकोणीस वर्षांपूर्वी. आमच्या कुलपांना तेव्हा आतून मूठ नव्हती. मी आत, बायको बाहेर, आणि तिच्याबरोबर आमची जुळी. जुळ्यांना बेल सापडली. तीन तास. मूठ बसवायची पद्धत त्यानंतर आली."

"अहो, मग त्या ओळीखाली कारण का नाही लिहिलंत?"

"स्वतःची फजिती कोणी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतं का?" मूळपुरुष म्हणाले.

(मी इथे काय करते आहे, ते कृपा करून त्यांना कळवू नका.)

मग त्यांनी कागद काढला आणि लिहिलं: 'दोन मिनिटं कमी. नापास.' माझ्या डोळ्यांसमोर उलटी घातलेली बॅटरी तरळली. पण त्यांनी दुसऱ्या खिशातून एक नवी कोरी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही परीक्षा तीनदा देता येते. मी तीनदा दिली होती. परवा चारला लावा. आणि पाटी आहे त्याच उंचीवर राहू द्या. असा परीक्षक आम्हांला कंपनीत मिळत नाही."

भिंगरीच्या पुढच्या एका झोपेत मी कोड बदलला. फार नाही, चार ओळी. आता कर्नेल निघताना आलेलं काम करतं, पुन्हा बघतं, पुन्हा करतं. पण जास्तीत जास्त सात. सात झाली की बाकीच्यांना सांगतं, बसा, तुमचंही होईल, पण आधी मला जायचंय. आणि वर मी कारणासकट लिहून ठेवलं: 'सातदा बघ, मग नीघ. कारण दाराबाहेर साडेतीन वर्षांचं माणूस असू शकतं.'

ठरल्या दिवशी चारला पट्टी लागली. दुसऱ्या दिवशी भिंगरीने मन भरेपर्यंत बेल दाबली. सासूबाईंनी मोजली, त्र्याऐंशीदा. सासूबाईंनी आकडे दाबले. सातव्या घंटीला, खट्! चार वाजता मूळपुरुषांनी पट्टी बघितली, चहा घेतला, बिनसाखरेचा, आणि कर्नेलमध्ये माझं टेबल झालं. म्हणजे घरातलंच, मागच्या खोलीतलं, ज्याचं दार लावून मी बसते.

काल दुपारी तिथेच बसले होते. पुढचं काम आलंय, तेही निघण्याबद्दलच आहे. भिंगरी झोपेतून उठली, येऊन दार ठोठावलं, आणि मी आतून म्हटलं, "एकच मिनिट हं बाळा, आलेच!"

पुन्हा ठोठावलं. "एकच मिनिट!"

मग ठोठावणं थांबलं. मी दार उघडून बघितलं, तर ती तिच्या स्टुलावर बदक मांडीवर घेऊन बसली होती आणि बोटं मोजत होती. दोन्ही हातांची संपली होती, आता बदकाच्या पायांवर आली होती.

"आई," ती म्हणाली, "ते दार सातला बाहेर येतं ना? मग तू कितीला येतेस?"